डोळ्यातील रक्तस्राव आणि आपली दृष्टी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



 

संस्थेच्या चिटणीसांनी मला 'डोळ्यांची निगा' या विषयावर बोलायला सांगितले आहे. हा विषय एवढा मोठा आहे की सगळेच थोडे थोडे सांगत बसलो तर घरी जाताना आपल्याजवळ काहीच उरणार नाही. म्हणून मी त्यातला एकच भाग निवडला आहे. डोळ्याच्या आत रक्त सांडणे, म्हणजेच डोळ्यातील रक्तस्राव. हा निवडण्याचे कारण असे की, या आजारात जेवढी माणसे रोगाने आंधळी होतात, तेवढीच उशिराने होतात असे मला माझ्या कामात वारंवार दिसले आहे.

एक उदाहरण सांगतो. एक सेवानिवृत्त शिक्षक. एके दिवशी सकाळी वर्तमानपत्र हातात घेतले आणि उजव्या डोळ्यापुढे काजळीचे धागे तरंगायला लागले. चष्मा पुसला, डोळे धुतले, पण धागे जाईनात. दुपारपर्यंत त्या डोळ्यापुढे लालसर काळे धुके पसरले. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, पाणीही येत नव्हते. घरच्यांनी पापणी वर करून पाहिली आणि म्हणाले, "डोळा तर स्वच्छ आहे." मुलाने मेडिकलच्या दुकानातून थेंब आणून दिले. गुरुजींनी ते महिनाभर नेमाने घातले. डावा डोळा चांगला होता, त्यामुळे त्यांचे कुठे अडले नाही. चार महिन्यांनी डाव्या डोळ्यातही तोच प्रकार झाला, तेव्हा मुलगा त्यांना हाताला धरून घेऊन आला. त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह होता. मी विचारले, "गुरुजी, इतक्या वर्षांत डोळ्याचा पडदा एकदाही तपासून घेतला नाही?" ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पण मला दिसत होते ना!"

बंधू-भगिनींनो, हे एकच वाक्य आज मला आपल्या मनातून काढून टाकायचे आहे. गुरुजींचे पुढे काय झाले ते मी नंतर सांगतो. आधी डोळ्याची आतली रचना समजून घेऊ.

डोळा म्हणजे साधारण एक इंच व्यासाचा पोकळ गोळा. पुढे बुबुळ, त्याच्या मागे भिंग आणि सर्वांत मागे आतल्या भिंतीला चिकटलेला दृष्टिपटल, ज्याला आपण साध्या भाषेत पडदा म्हणतो. बाहेरचे चित्र या पडद्यावर उमटते आणि नसेच्या वाटेने मेंदूकडे जाते. भिंग आणि पडदा यांच्यामध्ये जी मोठी पोकळी आहे, ती अंड्यातील पांढऱ्या बलकासारख्या पारदर्शक द्रवाने भरलेली असते. त्याला डॉक्टर व्हिट्रियस म्हणतात, आपण काचद्रव म्हणू. हा सुमारे चार मिलीलिटर, म्हणजे चहाचा लहान चमचा भरेल एवढा असतो. त्यात जवळजवळ सगळे पाणीच असते, आणि मोठ्या माणसाच्या डोळ्यात त्यातून एकही रक्तवाहिनी जात नाही. म्हणून तर त्यातून प्रकाश आरपार जातो. या स्वच्छ पाण्यात रक्ताचा एखादा थेंब जरी सांडला, तरी तो पसरतो आणि पडद्यापर्यंत प्रकाश पोहोचू देत नाही. रक्त थोडे असेल तर माश्या, धागे, कोळ्याचे जाळे दिसते. अधिक असेल तर समोर हात हलला एवढेच कळते.

इथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. कधी कधी जोराचा खोकला आल्यावर किंवा काही कारण नसतानाही डोळ्याचा पांढरा भाग एका बाजूला लालभडक होतो. घरातले सगळे घाबरतात. हे रक्त बाहेरच्या पातळ आवरणाखाली सांडलेले असते. मार लागलेला नसेल, दुखत नसेल आणि नजर चांगली असेल, तर ते दोन-तीन आठवड्यांत आपोआप जाते. रक्तदाब तेवढा तपासून घ्यावा. उलट ज्या रक्तस्रावाने दृष्टी जाते, तो बाहेरून कोणालाच दिसत नाही आणि दुखतही नाही. दिसते त्याला आपण भितो आणि न दिसणाऱ्याकडे दुर्लक्ष करतो.

आता हे रक्त येते कोठून? बहुतेक वेळा पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतून. त्याची कारणे अनेक आहेत, पण सर्वांत मोठे कारण मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, काही बंद पडतात. ज्या भागाला रक्त मिळत नाही, तो भाग जणू मागणी करतो आणि तेथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. या नव्या वाहिन्या मदतीला आल्यासारख्या वाटतात, पण त्या फार कच्च्या असतात आणि काचद्रवाच्या पृष्ठभागावर वाढतात. काचद्रव वयाबरोबर आकसतो, त्यांना ओढ बसते आणि त्या फुटतात. गुरुजींच्या डोळ्यात नेमके हेच झाले. लक्षात घ्या, त्या वाहिन्या फुटण्यापूर्वी कित्येक महिने तेथे होत्या, आणि त्या काळात गुरुजी चष्मा लावून बारीक अक्षर वाचत होते.

आपणा सर्वांना ठाऊक आहे की बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टीही मंदावत गेली होती. अशा प्रकृतीत त्यांनी 'द बुद्धा अँड हिज धम्मा' हा ग्रंथ लिहून पूर्ण केला, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आपल्याला वाचायला शिकवले, त्यांना स्वतःला वाचणे जड जावे, ही गोष्ट मनाला लागते. त्या काळी मधुमेहाने डोळ्यात होणाऱ्या रक्तस्रावावर आपल्या देशात काहीही इलाज नव्हता. आज तो आहे. असे असून आपण तो वेळेवर घेत नसू, तर दोष कोणाचा?

विद्यार्थी मित्रांनो, हे सगळे म्हाताऱ्यांचे आजार आहेत असे समजू नका. ईल्स नावाचा एक आजार आहे. हेन्री ईल्स या इंग्रज डॉक्टरांनी १८८० मध्ये त्याचे वर्णन केले. तो आपल्या भारतीय उपखंडात अधिक आढळतो आणि मुख्यतः वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट तरुणांना होतो. पडद्याच्या कडेच्या रक्तवाहिन्यांना सूज येते, नंतर नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात आणि एके दिवशी अचानक डोळ्यात रक्त सांडते. क्षयरोगाच्या जंतूंशी त्याचा संबंध असावा असे मानले जाते. रात्री जागून अभ्यास केल्याने किंवा मोबाइल पाहिल्याने हे होत नाही, तेव्हा आईवडिलांनी मुलाला बोल लावू नये. त्याला लगेच पडद्याच्या डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरे कारण म्हणजे पडदा फाटणे. चष्म्याचा उणे नंबर मोठा असणाऱ्यांत आणि पन्नाशीनंतर काचद्रव पडद्यापासून सुटतो. सुटताना कधी पडद्याला चीर पडते, रक्तवाहिनी तुटते. अशा वेळी डोळ्यापुढे विजा चमकल्यासारखे होते, माश्यांचा थवा दिसतो, आणि पुढे बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येते. ही तातडीची बाब आहे. चीर सापडली तर लेझरने ती त्याच दिवशी बंदिस्त करता येते. आठवडा गेला तर सगळा पडदा सुटून खाली येऊ शकतो. रक्तदाब वाढून पडद्याची शीर बंद पडणे हेही एक कारण आहे.

तिसरी गोष्ट विशेषतः विदर्भातील बांधवांसाठी. सिकलसेल हा आजार विदर्भात अनुसूचित जाती-जमातींमध्ये, म्हणजे आपल्याही घरांमध्ये आहे. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पडद्याच्या कडेला असे झाले की तेथेही कच्च्या वाहिन्या उगवून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचा पडदा वयाच्या दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी तपासावा. जे केवळ वाहक आहेत, त्यांना सहसा त्रास नसतो. पण त्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विटी, क्रिकेटचा चेंडू किंवा फटाका लागून बुबुळाच्या मागे, डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचले, तर वाहकाच्या डोळ्यातही त्या कडक पेशी पाणी वाहून जाण्याची वाट बुजवतात. डोळ्यातला दाब वाढतो आणि थोडक्या दाबानेही नस दगावू शकते. दाब कमी करण्याची एक नेहमीची गोळीसुद्धा अशा रुग्णाला फार जपून द्यावी लागते. म्हणून डोळ्याला मार लागल्यावर डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, "मुलगा सिकलसेलचा वाहक आहे" हे आपण होऊन सांगा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. न सांगण्यात मात्र मुलाचा डोळा जाऊ शकतो.

आता रक्तस्राव झाल्यावर काय करावे? त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पडदा तपासणारे नेत्रतज्ज्ञ गाठावेत. झोपताना डोक्याखाली दोन-तीन उशा घ्याव्यात, म्हणजे रक्त खाली बसते आणि दृष्टीचा मधला भाग थोडा मोकळा होतो. रात्रभर आडवे झोपल्यावर सकाळी जास्त धूसर दिसते ते याच कारणाने. ओझे उचलू नये. हृदयविकारासाठी रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण त्यात जिवालाच धोका आहे. डॉक्टरांना विचारावे. मध, कांद्याचा रस, कोणाचा अंगारा यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. थेंब डोळ्याच्या बाहेरच्या भागावर काम करतो. आत सांडलेले रक्त धुऊन काढील असा थेंब नाही.

रक्तामुळे पडदा दिसत नसेल तर डॉक्टर डोळ्याची सोनोग्राफी करतात. त्यात पडदा जागेवर आहे की सुटला आहे ते कळते. जागेवर असेल तर काही काळ वाट पाहता येते, कारण थोडे रक्त काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शरीर शोषून घेते. पण इथेच दुसरी फसगत होते. रक्त शोषले गेले, दिसू लागले, की माणूस म्हणतो, "बरे झाले," आणि पुन्हा येत नाही. रक्त हा मूळ आजार नाही. ते आजाराचे लक्षण आहे. ज्या वाहिनीतून ते आले ती तेथेच आहे, आणि ती पुन्हा फुटणार आहे.

मूळ आजारावर मुख्य उपाय लेझरचा. त्याचा इतिहास विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखा आहे. जर्मनीत १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा पडदा भाजला. ते पाहून मायर-श्विकेराट या डॉक्टरांना वाटले, प्रकाशाने पडद्यावर डाग पडत असेल तर तो डाग आपण हव्या त्या जागी पाडून आजार का थांबवू नये? त्यांनी आधी सूर्यप्रकाशावरच प्रयोग केले, मग विशेष दिवा आला आणि पुढे लेझर. लेझरने डोळे वाचतात हे १९७६ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले. वेळेवर लेझर केल्यास दृष्टी जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. लेझरमुळे कच्च्या वाहिन्या सुकतात. मात्र ते बहुधा दोन-तीन बैठकांत पूर्ण करावे लागते, आणि त्याने नजर वाढत नाही. असलेली टिकते. रात्रीची आणि कडेची नजर थोडी कमीही होऊ शकते. हे आधी न सांगितल्याने पुष्कळ रुग्ण पहिल्या बैठकीनंतर "काही फरक पडला नाही" म्हणून येणे सोडतात. अर्धे लेझर म्हणजे अर्धे बांधलेले धरण. गेल्या वीस वर्षांत डोळ्यात देण्याची इंजेक्शनेही आली आहेत. त्यांनी कच्च्या वाहिन्या आकसतात, पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात आणि मध्येच सोडली तर आजार उलटतो.

रक्त शोषले जात नसेल किंवा पडदा ओढला जात असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते, तिला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. १९७० मध्ये अमेरिकेतील मायामी येथे रॉबर्ट माखेमर यांनी ती रूढ केली. त्याआधी काचद्रवाला हात लावणे म्हणजे डोळा घालवणे असेच मानले जाई. माखेमर यांनी आपल्या यंत्राचा सराव आधी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर केला होता. आज सुईएवढ्या तीन छिद्रांतून रक्ताळलेला काचद्रव कापून काढतात आणि त्याच वेळी आतून लेझर करतात. पडदा सुटला असेल तर वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. वायू भरला असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस डोके खाली ठेवावे लागते आणि तो जिरेपर्यंत विमानप्रवास करता येत नाही. तेल भरले असेल तर ते पुढे काढावे लागते, ती तारीख विसरू नये. खर्च आहे, हे खरे. पण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय घरी परतू नये.

आपल्यापैकी पुष्कळांनी नेत्रदानाचे अर्ज भरले आहेत. जातककथेतील शिबी राजाने आपले दोन्ही डोळे दान दिले, ही कथा आपण ऐकतो. म्हणून रुग्ण मला विचारतात, "दुसऱ्याचा डोळा बसवता येणार नाही का?" नेत्रदानातून बुबुळाचा पारदर्शक पापुद्रा बसवता येतो. पडदा बदलता येत नाही. तो जन्माला येताना मिळतो तेवढाच.

आता गुरुजींचे सांगतो. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया वेळेवर झाली, आज ते त्या डोळ्याने मोठे अक्षर वाचतात. उजव्या डोळ्यात चार महिन्यांत पडदा ओढून सुटला होता. शस्त्रक्रिया करूनही तेथे उजेडापलीकडे काही परतले नाही. दोन्ही डोळ्यांचा आजार एकच होता. फरक फक्त चार महिन्यांचा.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिलीच कथा चक्षुपाल स्थविरांची आहे. वर्षावासात तीन महिने आडवे व्हायचे नाही असे व्रत त्यांनी घेतले होते. डोळे आले, वैद्याने औषध दिले आणि ते आडवे होऊन घ्यायला सांगितले. स्थविरांनी ते बसूनच घेतले, त्यामुळे गुण आला नाही आणि दृष्टी गेली. त्यांनी ते समजून उमजून, अर्हत्पदाच्या ध्येयासाठी केले होते. आपण औषध अर्धे सोडतो ते कोणत्या ध्येयासाठी? बस चुकेल म्हणून, पेरणी आहे म्हणून, लग्नसराई आहे म्हणून!

म्हणून माझी विनंती. मधुमेह कळला की त्याच महिन्यात पडदा तपासून घ्या आणि पुढे दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. लहानपणी झालेल्या मधुमेहात पाच वर्षांनंतर तपासणी सुरू करावी. मधुमेही भगिनींनी दिवस राहताच तपासणी करावी. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिले तरच पडदा पाहिला असे समजा. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. आणि घरी आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याचे वैगुण्य झाकतो.

संस्थेलाही एक सांगणे आहे. आपण १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नेत्रशिबिरे घेतो, चष्मे वाटतो, मोतीबिंदू शोधतो. हे चांगलेच आहे. यापुढे शिबिरात पडदा पाहणारे डॉक्टर किंवा पडद्याचे छायाचित्र घेणारे यंत्र आणा. प्रत्येक वस्तीतील मधुमेही व सिकलसेलच्या रुग्णांची यादी विद्यार्थ्यांनी तयार करावी. लेझरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीला रुग्णाबरोबर एक तरुण पाठवावा, कारण माणसे तेथेच गळतात. सर्वांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, पुसले आणि बिछान्यावर निजवले. आपल्याला एवढेही करायचे नाही. फक्त एका दिवसाची सोबत करायची आहे.

येथे बसलेल्या प्रत्येकाला आज दिसते आहे. तपासणीची वेळ तीच आहे.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो. जय भीम! नमो बुद्धाय!